ढेपूचं ‘आपण’

शलाका ड्यूटीवरून परतली, तेव्हा ढेपू दारातच बसला होता. त्याच्या गळ्यातला बोलका पट्टा म्हणाला, "आज आपण फारच दमलेल्या दिसता."

ऑस्लोत कुत्र्याच्या मनातलं मराठीत बोलून दाखवणारे पट्टे मिळत, पण त्यांची मराठी सरकारी पत्रांतली. कुत्रा मालकिणीला अहोजाहो करी. "अरे, ‘तू’ म्हण ना," असं सांगून सांगून ती थकली होती. आता तर हसायचंही त्राण नव्हतं.

बूट न काढताच ती खुर्चीत टेकली. मिरजेला कायमचं परतायचं ठरलं होतं. पण तेरा वर्षांच्या ढेपूचं हृदय विमानप्रवास सोसणार नाही, असं डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं. त्याला इथल्या प्राणिगृहात ठेवायचा अर्ज तिच्या पर्समध्ये भरून तयार होता.

जमिनीवरची उघडी बॅग हुंगून ढेपूने विचारलं, "आपण घरी कधी जाणार?"

"शनिवारी निघायचंय," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

ढेपूने शेपटी हलवली. दुखरे पाय एकेक करून उचलत तो बॅगेत चढला आणि तिच्या स्वेटरांवर अंग मुडपून बसला.

तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, हे ‘आपण’ अहोजाहोतलं नव्हतं.