टेकडीवर बकऱ्यांना बंदी

त्या सालीही कापसानं दगा दिला, तेव्हा घाटंजीजवळच्या एका खेड्यातल्या अमिनाबीचं घर तिच्या सात बकऱ्यांनीच तोलून धरलं. बकऱ्या आणि त्यांची पिल्लं चरायची तलावाकाठच्या सरकारी टेकडीवर. पण उन्हाळ्यात तिथं बाकं आली, झोपाळे आले, दर रविवारी शहरातून सहली यायला लागल्या. महिनाभरातच चौकीदार पुंडलिकनं अमिनाबीला फाटकावर अडवलं.

"चाची, आता हे फिरायची जागा झाली. बकऱ्या चालत नाही. साहेबाचा हुकूम आहे."

रस्त्याकडेच्या वाळक्या काड्या खाऊन बकऱ्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या. शेवटी बाजाराच्या दिवशी डोळे पुसत अमिनाबीनं दोन बकऱ्यांना दोर लावला आणि विकायला निघाली. गावाबाहेर पडते न पडते तोच पुंडलिक सायकल दामटत आडवा आला.

"चाची, इकू नोका! उद्यापासून बकऱ्या टेकडीवर आणजा. साहेबानंच सांगतलं."

अमिनाबीच्या जिवात जीव आला. बकऱ्यांची तोंडं घराकडे वळवत ती म्हणाली, "अल्ला तुह्या साहेबाचं भलं करो! आणतो रे बाप्पा. पण रविवारी नाही आणत. पाहुण्यायले तरास कायले?"


पुंडलिकनं कपाळाला हात लावला. "अवं चाची, रविवारी तर आणाच! मागच्या रविवारी एकही लेकरू झोपाळ्यावर बसलं नाही. 'बकरीचे पिल्लं कुठं गेले' म्हणून साऱ्यायनं भोकाड पसरलं अन् सारी सहल घरी गेली."