मामाकडे ठेवलेला बुवा

मामाने छोटा आरसा तिसऱ्यांदा बुवाच्या नाकाशी धरला. आरशावर वाफ धरली नाही.

हा आरसा खरं तर फ्रिजच्या मागच्या नळ्या बघायचा. फ्रिजदुरुस्तीत तीस वर्षं घालवलेल्या माणसाजवळ तपासणीचं दुसरं साधन तरी काय असणार? त्याने बुवाचा पुढचा पाय हलकेच उचलून सोडला. पाय निमूट खाली पडला. अंग टेबलाच्या लाकडाइतकं गार होतं.

बुवा म्हणजे भाचीचा बिअर्डेड ड्रॅगन. हातभर लांबीचा, गळ्याखाली काट्यांची दाढी मिरवणारा, पण स्वभावाने अगदी गरीब सरडा. बोटाएवढा होता तेव्हापासून सात वर्षं तिने त्याला वाढवला होता. बोटीवर नोकरी लागली तशी चार महिन्यांसाठी तिने तो मामाच्या हवाली केला, सोबत दिवे, खाणं, पाणी यांची दोन पानी यादी दिली आणि म्हणाली, "तुझ्याकडे ठेवलाय म्हणजे मला घोर नाही." आईविना वाढलेली पोर. हट्ट करायला तिला मामाखेरीज कोणी नव्हतं आणि हट्ट पुरवायला मामाला तिच्याखेरीज कोणी नव्हतं.

सुरुवातीला मामा बुवाला जरा वचकूनच असे. "घरमालक भाडं मागायला आल्यासारखा बघतो माझ्याकडे," असं तो शेजारच्या शिंप्याला सांगायचा. महिन्याभरात मात्र बुवाशी चार शब्द बोलल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरेनासा झाला.

मग थंडी पडली. बुवाने आधी रातकिडे नाकारले, मग पालाही. काचेच्या पेटीत ओंडक्याखाली तोंड खुपसून तो पडून राहू लागला. मामाने कोमट पाण्याने त्याचं अंग शेकलं, भोपळा किसून तोंडाशी धरला, रागावून पाहिलं, विनवून पाहिलं. अकराव्या दिवशी आरसा काढला.

स्टुलावर बसून मामा लहान मुलासारखा रडला. मग उठला. बुवाला पुरून टाकायला त्याचं मन धजेना. पोरीला निदान शेवटचं बघायला तरी मिळावं. त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात त्याने स्वतः दुरुस्त केलेला, भरवशाचा डीप फ्रीझर होता. मामाने बुवाला मऊ फडक्यात गुंडाळलं, शेपटी दुमडणार नाही अशी वळवली, स्वच्छ डब्यात ठेवलं आणि फ्रीझर उणे अठरावर लावला. झाकण बंद करून त्याने हात जोडले.

पण तो गेला कशाने, हा भुंगा काही डोकं सोडेना. रातकिडे विकणाऱ्या दुकानदाराकडे चौकशी केली तेव्हा त्याला कळलं की सरड्यांचेही डॉक्टर असतात. शहराच्या टोकाला एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्यापुढे बसल्यावर मामाची जीभ रेटेना. "एक पाळायचा विचार आहे," असं म्हणून त्याने वेळ मारून नेली.

"मग दिव्यांपासून सुरू करू," बाई म्हणाल्या. "उन्हासारखी किरणं देणारी ती ट्यूब सहा महिन्यांनी बदलायचीच. उजेड येत असतो, पण किरणं संपलेली असतात. लोक तिथेच फसतात. हाडं ठिसूळ होतात आणि जनावर आतून खचत जातं."

बुवाची ट्यूब किती जुनी, हे मामाने कधी विचारलंच नव्हतं. नुसतं चालू दिसतंय म्हणून मशीन ठीक आहे असं समजू नका, हे गिऱ्हाइकांना तीस वर्षं बजावणारा माणूस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या आठवड्यात तो बाईंकडे चार वेळा गेला. पेटीची एक बाजू चाळीस अंशांवर आणि दुसरी पंचवीसवर कशी ठेवायची, रातकिडे कॅल्शियमच्या भुकटीत का घोळवायचे, सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा घास का द्यायचा नाही, सगळं वहीत उतरवून घेतलं.

"जनावर आणायच्या आधी एवढा अभ्यास करणारे तुम्ही पहिलेच," बाई हसून म्हणाल्या. "आता थंडीतलं तेवढं राहिलं. ते पुढच्या खेपेला."

मामाने रिकाम्या पेटीत नवी ट्यूब बसवली, दोन टोकांना दोन तापमापक लावले. कोणासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. हात चालू असले की जरा बरं वाटायचं.

रविवारी दुपारी बोट बंदराला लागली आणि भाचीचा फोन आला. मामा मनाशी घोकलेलं सगळं विसरला.

"बाळा, बुवा गेला गं."

"कसा?"

मामाने काही लपवलं नाही. खाणं सुटलं ते, ओंडका, मिटलेले डोळे, गार पडलेलं अंग, आरसा. "ट्यूब जुनी झाली होती. मी बघायला हवं होतं. चूक माझी आहे."

"ट्यूब मी निघायच्या आदल्या दिवशीच बदलली होती, मामा." तिचा आवाज एकदम सावध झाला. "वाळला होता का तो? पोट खपाटीला गेलं होतं?"

"नाही गं. चांगला गुटगुटीत होता."

भाची हसायला लागली. हसता हसता रडायला लागली.

"यादीत लिहायचं माझ्याकडूनच राहिलं. अरे, तो दर थंडीत असाच करतो. दोन-दोन महिने झोपतो. अंग गार पडतं, श्वाससुद्धा दिसत नाही. पहिल्या वर्षी मीही अशीच रडले होते. जीवच घेतला होतास माझा."

मामाने भिंतीला पाठ टेकली.

"आता त्याला मुळीच उठवू नकोस. आहे तिथेच निवांत झोपू दे," ती नाक पुसत म्हणाली. "कुठे ठेवलायस त्याला?"