घंटी वाजली की बसायचं

टेबलावरची घंटी वाजली. सलूनवाल्यानं ती झटकन दाबून बंद केली. बसला मात्र नाही.

खुर्चीत रस्त्यापलीकडचा सलूनवाला होता. वीस वर्षांचा हाडवैरी! पाच महिन्यांनी आज दुकान उघडलं आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून हाच टपकावा? मजा बघायला आलाय, दुसरं काय.

सलूनवाल्याचा व्हायरल ताप आठवड्यात उतरला होता, पण थकवा लोचटासारखा मागे राहिला. दोनदा तो घाईनं घरातल्या कामाला लागला आणि दोन्ही वेळा त्यानं अंथरूण धरलं. शेवटी बायकोनं ओढत दवाखान्यात नेलं. ताप जाऊनही ज्यांना उठवत नाही, अशांसाठी तिथं मंगळवारी वेगळी ओपीडी असते. तिथल्या व्यायामाच्या ताईंनी ही गजराची घंटी हातात दिली. "दहा मिनिटं काम, पाच मिनिटं बसायचं. दमल्यावर नाही हं काका, दमायच्या आधी! आता पुन्हा पडलात तर दुकान विसरा." दम भरला तरी तो सुखावला होता. 'सगळे मनाचे खेळ' असं न म्हणणारं पहिलंच माणूस भेटलं होतं.

पण याच्यासमोर बसायचं? अर्धं डोकं तसंच ठेवून? छे! त्यानं कात्री चालवली. पोटऱ्या भरून आल्या. कपाळावर घाम आला. टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या बायकोनं डोळे वटारले. त्यानं तिकडे बघितलंच नाही.

"घंटी वाजली ना?" खुर्चीतला म्हणाला. "मग बस की. दवाखान्यातल्या ताईंनी दिलीय ना ती, तुझ्या बायकोनं गल्लीभर सांगितलंय."

"मला काय धाड भरलीय?"

"बस म्हणतो ना! तोच ताप मलाही आला होता. मी शहाणा, एक दिवस बसलो नाही. आता सहा महिने दुकान भाऊ चालवतोय आणि मी काउंटरवर नुसता बसून असतो. लोकांना वाटतं, शेठ झाला!"

सलूनवाल्यालाही तसंच वाटलं होतं. तो ओशाळला आणि शेजारच्या खुर्चीत टेकला. हाय, काय बरं वाटलं! आरशात एक अर्धवट कापलेला आणि एक अर्धवट दमलेला. बायको फिसकन हसली. मग ते दोघंही हसले.

पाच मिनिटांनी तो उठला. "चल, उरलेलं डोकं आवरू."

"डोक्याचं राहू दे रे. केस काय, माझा भाऊही कापतो. येत्या मंगळवारी मलाही त्या ताईंकडे घेऊन चल, एवढंच सांगायला आलो होतो."