यमुताई उडतात

यमुताई जमिनीपासून पुरुषभर उंचीवर लटकत होत्या, पण त्यांचा चेहरा काही उडणाऱ्या बाईचा नव्हता. बस चुकलेल्या बाईचा होता. साडीच्या आतून कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळलेले, पाठीमागून दोन बारीक तारा छताच्या कप्पीपर्यंत गेलेल्या, आणि मागे भिंतभर हिरवा पडदा. हिंगण्याच्या त्या बंद गोदामात एवढंच होतं. आभाळ, ढग आणि खाली पसरलेलं नागपूर नंतर संगणकावर भरायचं होतं.

जाहिरात गुडघ्याच्या तेलाची. तेल चोळलं की आजी उडते, अशी गोष्ट. दिग्दर्शक मिनल यमुताईंच्या प्रताप नगरातल्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. गच्चीचा जिना चढताना कठडा धरून थांबणाऱ्या, आणि थांबल्या थांबल्या स्वतःलाच हसणाऱ्या घरमालकीणबाई तिच्या मनात भरल्या होत्या.

पण उडणं जमेना. वाऱ्यासाठी पाणी काढून टाकलेला कूलर लावला होता, पदर झकास फडफडत होता, हातही पसरलेले होते. घोडं अडलं होतं पायांशी. ते सारखे खाली जात, अंगठे ताणून काहीतरी चाचपत. कॅमेऱ्यावरच्या प्रशिकनं संगणकाच्या पडद्यावर चित्र थांबवून मिनलला दाखवलं. तारा पुसता येतील, पण हे पाय पाहून कोणीही सांगेल की बाई टांगलेली आहे.

“काकू, तुमी पायानं जमीन शोधून राहिल्या,” तो वर पाहत म्हणाला. “नका शोधू. ते कुठं जात नाही.”

यमुताईंनी मान डोलावली आणि पुन्हा शोधू लागल्या.

दुसरी अडचण होती मधुसूदनरावांची. पोर पेरूच्या झाडावर चढलं की बाप खाली उभा राहतो, तसे ते बायकोच्या अगदी खाली दोन्ही हात पुढे करून उभे होते. चित्रात ते येत नव्हते, पण त्यांची सावली हिरव्या पडद्यावर पडत होती. पडदा सगळीकडे सारखा उजळला तरच संगणक तो ओळखून तिथं आभाळ भरतो. सावली पडली की तिथला हिरवा काळपटतो आणि आभाळाला डाग पडतो. हे त्यांना समजावून झालं होतं. ते समजल्यासारखं करून बाजूला व्हायचे, आणि कप्पी जरा करकरली की पुन्हा जागेवर.

“मी काही करून नाही राहिलो,” ते म्हणाले. “नुसता उभा आहे.”

त्यात खोटं काही नव्हतं. यमुताईंचे गुडघे गेल्यापासून ते असेच उभे होते, न्हाणीघराच्या दाराशी, देवळाच्या पायरीशी, भाजीवाल्याच्या गाडीशी. त्या माणसावर रागावणं मिनलच्या जिवावर आलं.

शेवटी तिनं प्रशिकशी हलक्या आवाजात ठरवलं. रितिकाला वर चढवू. रितिका नाचाच्या क्लासची मुलगी, तशीच डाळिंबी साडी नेसून कोपऱ्यात खुर्चीवर तयार बसली होती. उडेल ती, चेहरा काकूंचा चिकटवू. संगणकाला ते अवघड नाही.

हलका आवाज त्या पत्र्याच्या गोदामात थेट वर गेला. यमुताईंनी तो ऐकला आणि त्यांना एकदम वाईट वाटलं. चेहरा राहील, आणि त्याच्याखाली कोणाचे तरी तरणे पाय. सकाळपर्यंत हे सगळं त्यांना थट्टा वाटत होतं. आता त्यांना वर राहायचं होतं. आपल्या पायांसकट.

“अहो,” त्या म्हणाल्या.

मधुसूदनरावांनी हात आणखी वर केले.

“जरा तिकडे जा. तुम्ही खाली असलात की माझे पाय तुमच्याकडेच येतात.”

मधुसूदनराव कॅमेऱ्यामागे जाऊन थांबले, आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून त्यांनी ते खिशात घातले. पडदा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नितळ हिरवा झाला.

यमुताईंनी डोळे मिटले. दिव्यांची ऊब पौषातल्या गच्चीवरच्या उन्हासारखी पाठीवर आली. कूलरमधून वाळ्याचा जुना वास येत होता. पायांनी अजून एकदा खाली जाऊन पाहिलं. खाली कोणी नव्हतं. मग एक पाऊल सुटलं, त्याच्यामागून दुसरं, आणि दोन्ही पाय हळूहळू मागे तरंगायला लागले, कोणीतरी झोपेत कूस बदलावी तसे. गुडघे कुठे आहेत हे त्यांना आठवावं लागलं. तारा होत्या, पट्टे काचत होते, पण हे सगळं दुसऱ्या कोणाच्या तरी अंगाला होत असावं. आपण किती हलक्या आहोत आणि हे इतक्या वर्षांत कोणी सांगितलं कसं नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

संगणकाच्या पडद्यावर प्रशिकनं कच्चं आभाळ लावून पाहिलं. डाळिंबी साडीतली एक म्हातारी ढगांतून निघाली होती, आणि कुठे जायचं ते तिला ठाऊक होतं. मधुसूदनराव पाहत राहिले. ही बाई आपल्या ओळखीची आहे की नाही, असा क्षणभर त्यांना संशय आला.

मिनलनं झालं म्हणून सांगितलं. टाळ्या पडल्या, रितिकानंही वाजवल्या. दिवे एकेक करून मालवले, डबे उघडले, आमटीचा वास सुटला. तारा सांभाळणारे दोघे खाली सोडू का म्हणून विचारू लागले.

मधुसूदनराव लगबगीनं पुढे झाले. “उतर आता,” ते म्हणाले. “जेवणाची वेळ झाली.”

यमुताईंनी डोळे उघडले नाहीत.

“तुम्ही जेवून घ्या,” त्या म्हणाल्या.