मोठा प्लग

गाडीच्या कंपनीचा माणूस आईच्या पलंगाशेजारी उकिडवा बसला आणि भिंतीतल्या प्लगकडे कौतुकाने पाहू लागला.

"हाच," तो म्हणाला. "अख्ख्या घरात गाडीला चालेल असा हा एकच. जाड वायर, स्वतंत्र लाइन, खिडकीखालीच पार्किंग. सर, गाडीसाठीच बसवल्यासारखा आहे."

प्लग बसवला होता ऑक्सिजनच्या मशीनसाठी. प्लगला मशीन, मशीनला नळी, नळीला आई, अशी ती स्वतंत्र लाइन होती. मशीन घरघरत होतं. आई चादर गुडघ्यांवर नीट ओढून, पाहुण्यांसमोर बसावं तशी बसली होती.

"आता तुम्हीच सांगा, कुठली घेऊ?" मुलगा म्हणाला.

"प्लग-इन हायब्रिडची बॅटरी लहान, सर. मधूनमधून लावलीत तरी पुरे. आणि प्लग मोकळा नसेल त्या दिवशी पेट्रोलवर चालते, तिची काही कुरकुर नाही. फुल इलेक्ट्रिक मात्र इथून भरायला रात्रभर लागेल. रोज. आणि तेवढा वेळ या लाइनवर दुसरं काही चालवायचं नाही."

"हायब्रिड नको बाई," सून म्हणाली. "माझा भाऊ म्हणतो, हायब्रिड म्हणजे घरजावई. दोन्ही घरचं खातो आणि धड कुठल्याच घरचा नाही."

भावाकडे फुल इलेक्ट्रिक होती. तो रविवारी यांची गाडी बघायला येणार होता, त्यामुळे हा मुद्दा वजनदार होता.

"शिवाय तत्त्वाचा प्रश्न आहे," मुलगा म्हणाला. "धूर सोडायचा तो सोडायचाच, फक्त थोडा कमी, याला काय अर्थ आहे? पुढच्या पिढीला श्वास घ्यायला स्वच्छ हवा नको?"

आईने मान डोलावली. पुढच्या पिढीबद्दल तिचं कधीच दुमत नसे.

"मग आजींचं मशीन हॉलमध्ये हलवू या," कंपनीचा माणूस म्हणाला. "ते काय, साध्या प्लगवरही चालेल."

"हॉलमध्ये? अहो, त्या घरघरीत टीव्हीतलं अक्षर ऐकू येत नाही," सून म्हणाली.

"नवीन लाइन ओढता येईल."

"आत्ताच तर रंग दिलाय भिंतींना," मुलगा म्हणाला.

नवरा-बायकोच्या बेडरूमचं नाव कुणीच काढलं नाही. तशी मंडळी समंजस होती.

कंपनीच्या माणसाची नजर कोपऱ्यात गेली. तिथे एक सिलिंडर उभा होता.

"हा कशाला?"

"बॅकअप. वीज गेली तर."

"मग मिटलं की, सर!" त्याने टाळी वाजवली. "आजी हायब्रिड आहेत!"

सगळे मनापासून हसले. नळीने जमू दिलं तेवढी आईही हसली.

"गंमत सोड," मुलगा बायकोला म्हणाला, "पण मुद्दा बरोबर आहे. आईला दोन सोयी आहेत. गाडीला विजेशिवाय दुसरं कोण आहे? आधी तिचाच विचार करायला हवा."

खिडकीखाली ट्रायलची गाडी उभी होती. पांढरीशुभ्र, फुल इलेक्ट्रिक. आत्ताच लावून बघायचं ठरलं.

"अरे," आई म्हणाली, "त्या सिलिंडरचा काटा बघ जरा. परवा वीज गेली होती ना, तेव्हापासून लालवर आहे."

मुलाने सिलिंडरकडे न बघता कंपनीच्या माणसाकडे बघितलं. शेवटी काट्यांमधला जाणकार तोच.

"आजी, काट्याला घाबरायचं नसतं," तो समजुतीने म्हणाला. "लालवर गेला तरी रिझर्व्ह असतोच. कंपनी मुद्दाम ठेवते."

"ऐकलंस?" मुलगा म्हणाला. "उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

"पण डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टरांचं काय सांगता, आई," सून म्हणाली. "ते अजून डिझेल गाडी चालवतात."

मुलाने मशीनची नळी काढून सिलिंडरला जोडली, चावी फिरवली. सिलिंडर फुस्स करून बोलला. मुलाने नळी आईच्या नाकाशी नीट बसवली, तिच्या गालावर थोपटलं आणि मशीनचा प्लग काढला. घरघर थांबली. खिडकीतून गाडीची वायर आत आली आणि त्याच भोकांत बसली.

"अहो, दिवा लागला!"

तिघे खिडकीशी गोळा झाले. गाडीच्या नाकावरचा हिरवा दिवा हळूहळू उजळत होता, हळूहळू मंदावत होता, पुन्हा उजळत होता.

"श्वास घेतेय असं वाटतं," सून म्हणाली.

"डिझाइनच तसं आहे, मॅडम. खूप अभ्यास करून केलंय."

मागे चमचा स्टीलच्या पेल्यावर वाजला. मग पुन्हा, जरा घाईने.

"आई, एक मिनिट हं," मुलगा मागे न वळता म्हणाला आणि मेव्हण्याला पाठवायला दिव्याचा व्हिडिओ घेऊ लागला. चमचा फरशीवर पडला. आवाज व्हिडिओत आला, म्हणून त्याला पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागला.

दुसऱ्या खेपेला व्हिडिओ अगदी छान आला. मध्ये कसलाच आवाज नाही.

"किती शांत आहे!" सून म्हणाली.

"हेच तर, मॅडम," कंपनीचा माणूस म्हणाला. "सुरू आहे की बंद, कळतसुद्धा नाही."