कांगारूची गाडी

मॅन्युअल, म्हणजे क्लच-गिअरवाली गाडी शिकताना ती उड्या मारत बंद पडायची, म्हणून माझा भाऊ डार्सी मला 'कांगारू' म्हणतो. स्वतः मात्र त्याने ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली, त्यामुळे मॅन्युअल चालवायची त्याला परवानगीच नाही! परवा मला लायसन्स मिळालं आणि आज नॅन, आमची आजी, स्पोर्ट्स कार घ्यायला निघाली. वुलनगाँगच्या गाड्या विकणाऱ्या यार्डात तशा दोनच होत्या, लाल ऑटोमॅटिक आणि पिवळी मॅन्युअल. माझा जीव पिवळीत अडकला.

"लालच घे, नॅन! या वयात क्लच कशाला? शिवाय मलाही चालवता येईल," डार्सी नाचायलाच लागला.

नॅनने माझ्याकडे पाहिलं. "पिवळी द्या."

डार्सीचं तोंड एवढंसं झालं. नॅनने चावी माझ्याकडे फेकली आणि स्वतः शेजारच्या सीटवर ऐसपैस जाऊन बसली.

"चल, कांगारू! मला तरी कुठे क्लच येतो?"