चिंदरकरकाकांची मोजणी

चिंदरकरकाकांच्या शोकसभेला आम्ही सोसायटीच्या गच्चीवर जमलो. काकूंनी आल्याआल्या माणसं मोजली. एकेचाळीस.

मोजणी ही खरं तर काकांची सवय. एकाहत्तरच्या लढाईतून परतताना त्यांच्या तुकडीत एक जवान कमी भरला होता. पुढे अग्निशमन दलात आणि निवृत्तीनंतर आमच्या इमारतीतही ते मोजतच राहिले. दर महिन्याला सगळ्यांना डोळे मिटून, भिंतीला हात लावून जिना उतरायला लावायचे. "नऊ पायऱ्या, मग वळण!" काकू खाली मोजायच्या, काका सगळ्यांत शेवटी उतरायचे. माझी कुरकुर ठरलेली.

फोटोला हार घालतानाच माईकच्या वायरीतून ठिणगी उडाली. मांडवाचं कापड भडकलं, दिवे गेले. काकूंना पुढे घालून सगळे जिन्याकडे वळले. त्या काळोखात कुणी किंचाळलं नाही, कुणी ढकललं नाही. हात आपोआप भिंतीला लागले. "नऊ, वळण!" मीच ओरडत होतो.

खाली काकू प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजत होत्या. शेवटचा मी. माझ्यामागच्या अंधाऱ्या जिन्याकडे बघत त्या म्हणाल्या, "अहो, सगळे उतरले. कुणी कमी नाही."